लिंबू कुणाच्या हातावर

पुरुषांना लिंबू दिसलं की त्याचं सरबत करावं असं कधी वाटत न्हाय. ते कुणाच्या तरी तळहातावर ठेवायचं, वरनं तलवार मारून त्याच्या दोन फाकी करायच्या, आन खालचा हात शाबूत ऱ्हायला की सगळ्या गावानं टाळ्या पिटायच्या. ह्याला मर्दानी खेळ म्हणायचं. म्या आमच्या मालकांना एकदा विचारलं होतं, "अवो, हात तुटला तर मग त्या खेळाला काय म्हणायचं?" तर म्हणले, "महालिंगप्पाच्या तलवारीखाली आजवर कुणाचा हात तुटला न्हाय." ह्यांचं असलं. विचारावं एक, सांगणार भलतंच.

महालिंगप्पा म्हणजे आमचे मालक. मुरूमात बसवण्णाच्या देवळामागं तालीम होती, तिचे वस्ताद. तवा निजामाचं राज्य होतं. तिकडं विलायतेत लढाई पेटलेली, आन हिकडं आमाला दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं. पर त्या रॉकेलनंच माझी लाज राखली बघा. मालक सांजच्याला दाराच्या चौकटीला धडकले की मी चटदिशी म्हणायची, "काय करावं बाई, रॉकेल न्हाय, अंधारात माणसाला दिसंल कसं?" शेजारच्या गजराबाई मान हलवायच्या. खरं म्हणजे भर दुपारी, लख्ख उन्हातबी ते तसेच धडकायचे. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. समोर माणूस उभा ऱ्हायला तर धूर उभा ऱ्हायल्यागत दिसायचं. कोण हाय ते आवाजावरनं ओळखायचे. आन अख्ख्या मुरूमात हे फकस्त मला ठावं.

म्या काय कमी सांगितलं? सोलापूरला डोळ्याचा डाक्टर हाय, तो पडदा काढतो म्हणतात, चला, मी येते संगं. तर म्हणले, "डोळ्याजवळ सुरी आणू देऊ का मी?" ऐका! दुसऱ्याच्या हातावर तलवार चालवणारा माणूस, आन ह्याला सुरीचं भ्याव. मग म्हणलं, निदान लोकांना तरी सांगा, वस्तादकी दुसऱ्याला द्या, आन बसा घरी सुखानं.  तवा हळूच म्हणले, "वस्तादकी गेली की मी कोण ग? नुसता महालिंगप्पा." म्या म्हणलं, "मग मी काय वस्तादासंगं लगीन केलं का? महालिंगप्पासंगंच केलंय." पर ते कानावर घेतील तर ते कसले.

तुमी म्हणाल, दिसत न्हाय तर तालीम चालवायचे कशी? तर आमच्या तालमीचा एक नेम होता, ह्यांच्या आज्यापासनं चालत आलेला. फरी-गदका खेळताना, म्हणजे एका हातात चामड्याची ढाल आन दुसऱ्या हातात चामडं गुंडाळलेली काठी घेऊन दोघं एकमेकांवर जातात ना, तवा ज्याला काठी लागली त्यानंच तोंडानं "लागला" म्हणायचं. मारणाऱ्यानं चकार शब्द काढायचा न्हाय. न्हाय लागलं, तर गप ऱ्हायचं. बघणाऱ्यानं मधी पडायचं न्हाय. लागलेलं ज्याचं त्यानंच सांगायचं. मार खाऊन लपवला तर त्या गड्याला तालमीच्या मातीत पाय ठेवू द्यायचे न्हायत. म्हणून मालक वट्यावर बसून नुसतं ऐकायचे. गडी आपल्या तोंडानं सांगतात, वस्तादानं बघायचं कशाला? पायाच्या आवाजावरनं कुणाचा पवित्रा चुकला तेबी सांगायचे. पोरं म्हणायची, "वस्तादाची नजर काय हाय हो!" आन मी भाकरी थापता थापता कपाळावर हात मारायची. पिठाचाच.

हे असंच निभलं असतं. पर दसऱ्याच्या तोंडावर हैदराबादहून पाव्हणे आले.

दस्तगीर उस्ताद त्यांचं नाव. हैदराबादेत त्यांचा मोठा आखाडा. दाढी पांढरी, अंगानं सडपातळ, बोलणं असं मऊ की माणसानं रागावावं म्हणलं तरी रागावता येऊ नये. संगं त्यांचे शागीर्द, त्यातला चाँदपाशा नावाचा एक ताडमाड गडी सगळ्यात वरचढ. मोटारीनं उमरग्यापर्यंत, तिथनं बैलगाडीनं मुरूमात. आल्या आल्या उस्ताद मालकांच्या गळ्यात पडले. म्हणले, जवानीत नळदुर्गाच्या जत्रेत तुमचा हात बघितला होता, आता माझ्या पोरांना दाखवायला आणलंय. मालकांची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या.

उतरले तालमीतच. खायला घालायला मातर नागम्मा. नागम्मा म्हणजे मीच. आमच्या लिंगवंताच्या घरात मटण-बोटी कुठली? म्या ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी, आन पाव्हणे म्हणून गव्हाची गोड हुग्गी केली. वाटलं, शहरातली माणसं, नाकं मुरडतील. कसली नाकं मुरडतात! चाँदपाशा एकटा चवडच्या चवड संपवायचा आन पाटी रिकामी करून म्हणायचा, "भाभी, ये रोटी तो पंखा है, हाथ में पकड़े की उड़ जाती!" गोड बोलायचा मेला, आन माझे खांदे भरून यायचे.

पहिल्या दिवशी फरी-गदका ठरला. आमच्याकडनं धुळाप्पा. धनगराचा पोर, पर लहानपणापासनं आमच्याच घरी जेवून मोठा झालेला. आता त्याचं लगीन झालं होतं, बायको अयोध्या, तिला दिवस गेलेले. मी तालमीच्या भिताडाआड, देवळाच्या बाजूला, बायांच्यात उभी. खेळ चालू झाला, आन जरा वेळात असा घोळ झाला म्हणता, की काय विचारू नका.

त्यांच्या आखाड्यात नेम उलटा. तिथं मारणाऱ्यानं वरडायचं, "लग्या!" मार खाणाऱ्यानं गप ऱ्हायचं. झालं! चाँदपाशानं मारलं की तो वरडायचा "लग्या!" आन धुळाप्पा इमानदारीनं "लागला" म्हणायचा. धुळाप्पानं मारलं की हा आपल्या नेमानं गप, वाट बघतोय की तो "लागला" म्हणंल. आन चाँदपाशा त्याच्या नेमानं गप, वाट बघतोय की हा "लग्या" म्हणून वरडंल. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे! लोकांनी मोजलं तर सगळे डाव चाँदपाशाचे. धुळाप्पाच्या काठीचे वळ त्याच्या दंडावर दिसतायत, पर डाव एक न्हाय.

मग काय, पेटलं. आमची पोरं म्हणायला लागली, पाव्हणे मार खाऊन लपवतात. त्यांची म्हणायला लागली, "अरे भाई, मारनेवाला बोलता ना! मार खानेवाला कायकू बोलेगा?" आमच्यातला एक म्हणला, "सोताची फुशारकी सोताच मारायची, शरम न्हाय वाटत?" त्यांच्यातला एक म्हणला, "हार अपने मूँ से बोलना, ये कौन सी बहादुरी?" आन एवढा गोंधळ चाललेला, तर आमचे वस्ताद वट्यावर गंभीर चेहरा करून बसलेले. करणार काय? त्यांना वळ दिसले असते तर एका शब्दात निवाडा झाला असता. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतायत, "वस्ताद, तुमीच सांगा, तुमी तर बघितलंय." 

ते म्हणले, "म्या बघितलं काय अन न्हाय काय. आमच्या तालमीत वस्ताद सांगत नसतो, ज्याचं त्यानं सांगायचं असतं."

हे ऐकून दस्तगीर उस्ताद उठले आन चाँदपाशाला जवळ बोलावलं. म्हणले, "लगा क्या तेरे कू? सच बोल." चाँदपाशानं मान खाली घालून दंड पुढं केला. उस्ताद हसायलाच लागले. म्हणले, ह्यांचा नेम आपल्यापेक्षा अवघड हाय रे, दसऱ्यापर्यंत आपण ह्यांच्याच नेमानं खेळायचं. झालं, भांडण मिटलं, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालून हसायला लागली. आन मालक असे ऐटीत बसलेले की जणू ह्यांनीच सगळं डोळ्यांनी बघून मिटवलं.

तिथं थांबले असते तर? न्हाय. दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारे सोताच मातीत उतरले. आदल्या दिवशी मालकांनी माती लई भिजवून घेतली होती. लोकांना वाटलं, उन्हाळा भासतोय म्हणून. मला ठावं, ओल्या मातीत पाय चपकतो आन त्याचा आवाज येतो. मालक डोकं जरा तिरकं करून खेळले. उस्तादांची काठी कुठनं येते ते त्यांना पायावरनं, श्वासावरनं कळायचं. खोटं कशाला बोलू, मी बघत ऱ्हायले. लगीन होऊन आले तवा जसे दिसायचे तसेच दिसले. एकदा उस्ताद "लागला" म्हणले, एकदा मालक म्हणले. उस्तादांनी मालकांचा हात धरून डोळ्याला लावला.

आन मग म्हणले, "बस एक अरमान है. दसऱ्याला ते लिंबू दाखवा. नळदुर्गाला बघितलं होतं तसं."

मला वाटलं, आता तरी हे काहीतरी निमित्त सांगतील. मनगट मुरगळलं म्हणा, नवस हाय म्हणा, सुतक म्हणा, कायबी म्हणा! तर आमचे मालक म्हणले, "दाखवू की. त्यात काय."

त्यात काय! माझ्या हातात ताकाची घागर होती, ती तिथंच आपटली.

घरी आले तवा म्या दार लावून घेतलं. आमच्यात रागाला आलं की कानडी तोंडात येतं, तर म्या जे काय कानडीत बोलले ते सांगत न्हाय. मतलब असा, की लिंबाला पाय नसतात, त्याचा आवाज येत न्हाय. ते म्हणले, "सवयीचं हाय ग. तलवारीचं पातं आधी लिंबाला टेकवून माप घ्यायचं, एक पाऊल मागं, आन मारायचं. हात आपसूक जातो." म्या म्हणलं, "आन धरणाऱ्याचा हात माप घेतल्यावर बोटभर हलला तर?" ते मुंडासं सोडायला लागले. म्या म्हणलं, "धरणार कोण?"

कारण त्याचाबी नेम. लिंबू वस्तादाच्या घरच्याच माणसानं धरायचं. सोताच्या माणसावर हात चालवायची छाती नसंल, तर दुसऱ्याच्या लेकरावर चालवू नये, म्हणून. इतकी वर्सं धाकटा दीर शिवलिंग धरायचा. तो गेल्या साली सोलापूरच्या गिरणीत लागला. आमाला लेकरूबाळ न्हाय. मालक म्हणले, "धुळाप्पा हाय की. तो काय परका हाय? घरचाच हाय."

"घरचा हाय म्हणून त्याचा हात तोडायचा का?" म्या म्हणलं. "त्याची बायको पोटुशी हाय. उद्या बाळाला कुठल्या हातानं घेईल तो?"

"तुटणार न्हाय."

"कशावरनं?"

"मी सांगतो म्हणून."

अय्यो शिवा! भिताडावर डोकं आपटावं का ह्यांचं डोकं भिताडावर आपटावं, कळंना. म्या म्हणलं, मी सांगते सगळ्यांना. सरळ जाते आन उस्तादांना सांगते, ह्यांना दिसत न्हाय. तर ते असे बसले खाली, जात्याजवळ, आन म्हणले, "सांग. तुला सांगायचं तर सांग. मग मी मुरूमात ऱ्हाणार न्हाय."  तवापासनं म्या त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट ठेवायची, उचलायची. तोंडातनं शब्द न्हाय.

अबोला धरणं काय सोपं होतं का? घर कसं गपगार झालं. ते दोनदा चुलीला अडखळले, तरी म्या "बघून चाला" म्हणले न्हाय. जीव तुटत होता, पर न्हाय म्हणले.

दसऱ्याच्या सकाळी अयोध्या आली, पदरात लिंबं घेऊन. पोट घेऊन हसत हसत. "काकू, ह्यातलं कुठलं चांगलं दिसंल? आमच्या ह्यांचा मान हाय आज. म्या बारकं निवडलंय, बारकं कापलं की लोक जास्ती वाहवा करतात न्हवं?" मला रडावं का हसावं कळंना. म्या म्हणलं, "मोठं न्हाय का ग कुठं? भोपळ्याएवढं?" ती खिदळली. म्या तिच्या पदरातलं सगळ्यात थोरलं लिंबू काढून घेतलं. तरी ते मुठीत मावण्याएवढंच. लिंबाला देवानं आणखी मोठं करायला काय धाड भरली होती, देव जाणे.

तिसऱ्या प्रहरी सगळा गाव देवळामागं जमला. शस्त्रांची पूजा झाली, तलवारींना झेंडूच्या माळा. मग तलवारीचा काप चालू झाला. पाव्हण्यांनी ओल्या कडब्याच्या पेंढ्या खांबाला बांधल्या आन एका वारात तोडल्या. चाँदपाशानं ओल्या मातीचा एवढा थोरला गोळा असा चिरला की वरचा अर्धा खालच्यावर तसाच बसून ऱ्हायला, बोटानं ढकलला तवा पडला. सगळ्यांनी वाहवा केली, म्याबी केली. आमच्या गड्यांनी केळीचे खांब तोडले. मालकांनीबी तोडला, सपकन. खांब नेहमीच्या जागी पुरलेला, ती जमीन त्यांच्या पायाखालची. लोक वरडले. मालक हसले. मला त्यांचं ते हसू बघवंना.

मग धुळाप्पा पुढं आला. आंघोळ केलेली, कपाळाला भंडारा. लिंबू उजव्या तळहातावर घेतलं, हात पुढं धरला. त्याचा हात स्थिर होता, का नसंल, त्याचा वस्तादावर भरोसा. अयोध्या माझ्या शेजारी, माझ्या दंडाला धरून उभी. तिची बोटं रुतली मला. म्हणली, "काकू, काय व्हणार न्हाय ना?"

आता तुमीच सांगा, काय बोलणार होते मी? बोलले असते तर नवऱ्याला मुरूमातनं उठवला असता. गप ऱ्हायले असते तर ह्या पोरीच्या नवऱ्याचा हात. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्या अयोध्याची बोटं सोडवली, पदर खोचला, आन सरळ मातीत उतरले.

तालमीच्या मातीत बाई! गलका झाला. श्रीमंतअण्णा, गावचे थोरले, वरडले, "नागम्मा, हे काय?" म्या म्हणलं, "काय म्हणजे? लिंबू घरच्या माणसानं धरायचा नेम हाय न्हवं? मग घरची मी हाय का धुळाप्पा? त्याला बायको हाय, त्यानं तिच्या घरचं व्हावं." लोक हसले.  धुळाप्पा "काकू, काकू" करत होता. त्याच्या हातातलं लिंबू घेतलं, त्याला ढकलून बाजूला केलं, आन म्या माझा हात पुढं धरला. कोपर बरगडीला घट्ट टेकवलं, म्हणजे हलू नये.

मालकांना गलका ऐकू येत होता, पर काय झालं ते कळलं न्हाय. आवाजाचा गुंता झाला होता. ते पुढं आले, पातं लिंबाला टेकवायला दुसरा हात पुढं केला, तो माझ्या बांगड्यांना लागला.

चेहरा असा उतरला म्हणता. हळूच म्हणले, "नागम्मा?"

म्या बोलले न्हाय.

"बाजूला हो."

म्या बोलले न्हाय. हात तसाच.

 सगळा गाव बघतोय, उस्ताद बघतायत. तेवढ्यात तलवार खाली ठेवता आली असती. तवाबी मला वाटत होतं, ठेवतील. पर म्हातारा ताठाचा. ओठ न हलवता म्हणले, "मग गप ऱ्हाऊ नको. बोल. कायबी बोल, पर बोलत ऱ्हा."

बोल म्हणले! इतक्या दिवसांचा अबोला, आन आता बोल म्हणले! मग मी सुटले. "बोलू? काय बोलू? उभा जन्म बोललेच, ऐकलं कवा तुमी? भाकरी थंड झाली म्हणलं तर ऐकलं न्हाय, सोलापूरला चला म्हणलं तर ऐकलं न्हाय, धाकट्याला गिरणीत जाऊ देऊ नका म्हणलं तर ऐकलं न्हाय! पाव्हण्यांच्या भाकऱ्या थापून माझे हात गळून पडले, त्याचं कुणाला काय? लुगडं फाटलंय, ते तरी बघितलं का? लगीन केलं तवा माझ्या बापाला म्हणालात, पोरगी सुखात ऱ्हाईल. हेच ते सुख? असं हात पुढं करून उभं ऱ्हायचं?" लोक पोट धरधरून हसत होते. पाव्हण्यांना कळत नव्हतं, तरी तेबी हसत होते. मालक मातर हसत नव्हते. त्यांनी डोकं तिरकं केलं, माझ्या तोंडाकडं कान लावला, पातं लिंबाला टेकवलं, एक पाऊल मागं घेतलं. मी बोलतच होते. डोळे मिटून घेतले आन बोलतच होते.

वारा आला अंगावर. तळहाताला गार लागलं.

डोळे उघडले तर लिंबाच्या दोन फाकी मातीत पडलेल्या. हातावर रस. बोटं सगळी जागच्या जागी. जरा चरचरलं, तेबी भाकरीच्या जुन्या चटक्यावर रस गेला म्हणून.

तालमीत सगळे गप झाले. नेमच तसा. लागलं असंल तर धरणारा सांगंल, न्हाय तर गप ऱ्हाईल, आन मग टाळ्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मी गप. लागलंच नव्हतं, तर बोलायचं काय?

पर खरं सांगू? नेमासाठी गप ऱ्हायले न्हाय मी. रागानं गप ऱ्हायले. म्हणलं, इतके दिवस माझं काळीज कुरतडलं, आता जरा तुमीबी भोगा. मला त्याचा काडीचाबी पस्तावा न्हाय.

टाळ्या चालू झाल्या. चाँदपाशानं तर शिट्टी मारली. मालक हलले न्हायत. त्या गलक्यात त्यांना माझा आवाज पाहिजे होता आन तो येत नव्हता. आपली बायको, जी जन्मात कधी गप बसली न्हाय, ती गप. म्हणजे काय झालं असंल? त्यांनी विचारलं, "लागला का?"

वस्तादानं असं विचारायचं नसतं. टाळ्या विरळ झाल्या. आन मालकांच्या हातातनं तलवार पडली. दसऱ्याच्या दिवशी, पुजलेली तलवार, मातीत. ते दोन्ही हात पुढं करून चालायला लागले. पर मी होते तिथं न्हाय, दुसरीकडंच. धुळाप्पाच्या छातीला हात लागला, त्याला चाचपलं, सोडलं, परत वळले. "माताडू," म्हणत होते. कानडीत. बोल, बोल. "नागम्मा, माताडू ग." 

मला राहवलं न्हाय. म्या जाऊन माझा हात त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. मनगट चाचपलं. मग एकेक बोट धरून बघितलं, करंगळीपासनं अंगठ्यापर्यंत, आन परत अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत. लिंबाचा रस लागला त्यांच्या हाताला, तो त्यांना रगत वाटला, तर हुंगून बघितला. सगळा गाव उभा होता.  आता कुणाला काय सांगायची गरजच नव्हती.

तरी त्यांनी सांगितलं. माझा हात न सोडता तोंड वर केलं, आन म्हणले, "मला दिसत न्हाय. लई दिवसांपासनं दिसत न्हाय. लागलेलं ज्याचं त्यानं सांगायचं म्हणून तुमाला शिकवलं, आन माझं मीच लपवलं. आजपासनं ह्या मातीत माझा पाय न्हाय."

दस्तगीर उस्तादांनी वाकून तलवार उचलली, आपल्या उपरण्यानं माती पुसली, आन धुळाप्पाच्या हातात दिली. मालकांच्या खांद्यावर हात ठेवला. धुळाप्पा रडत होता. अयोध्या तर भिताडाआड हुंदके देत होती.

म्या म्हणलं, "चला आता घरी." आन निघाले. वाटेनं मी पुढं, ते माझा हात धरून मागं, सगळ्या बाजारपेठेतनं, उघड्यावर. आमच्यात असं कुणी नवराबायको चालत न्हायत. लोक दुकानातनं बघत होते. मी बोलत होते, इथं दगड हाय, इथं गटार हाय, पाय उचला, एवढी वर्सं चाललात ह्या वाटेनं, तेबी मीच सांगायचं का? ते "व्हय, व्हय" म्हणत होते. उभ्या जन्मात एवढ्यांदा "व्हय" म्हणले नव्हते.

घरी पोचलो. सोलापूरच्या डाक्टराचं परत काढलं, तर म्हणले, "जाऊ." म्या म्हणलं, "सुरीचं भ्याव?" तर म्हणले, "तू हात धर." म्या म्हणलं, ते बघू पुढचं, आता सोडा हात, पाव्हणे तालमीत उपाशी बसलेत, चूल पेटवायची हाय, पीठ मळायचं हाय. ते जात्याजवळ बसले, मला शेजारी बसवलं. म्या परत म्हणलं, "अवो सोडा की, भाकऱ्या कुणी करायच्या?" मी रागावले, हात ओढून बघितला. म्हातारा झाला तरी पकड तलवारवाल्याची.

त्या सांजेच्या भाकऱ्या अयोध्यानं केल्या.